एकच सायकल

प्रिय मित्रा,

"फक्त एकच सायकल करून थांबलो तर काय बिघडतं?" असं तू विचारलंस. सायकल म्हणजे स्नायू वाढवण्यासाठी ठरावीक आठवडे स्टिरॉइड घेऊन मग थांबणं. बहुतेक जण हा प्रश्न इंजेक्शन घेऊन झाल्यावर विचारतात. तू आधी विचारलास, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

सुरुवातीला एक गोंधळ दूर करू. दम्यावर किंवा संधिवातावर डॉक्टर प्रेडनिसोलोनसारखी कॉर्टिकोस्टिरॉइड देतात. जिममध्ये ज्यांची कुजबुज चालते ती स्नायू वाढवणारी अॅनाबॉलिक स्टिरॉइड, म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक आणि त्याची भावंडं. नाव सारखं असलं तरी काम वेगळं. पहिली सूज उतरवतात आणि फार दिवस घेतली तर उलट स्नायू झिजवतात. "स्टिरॉइड वाईट" एवढंच ऐकून कुणी दम्याचा पंप बंद केला, किंवा कित्येक आठवडे चालू असलेली प्रेडनिसोलोनची गोळी एकदम सोडली, तर जिवावर बेतू शकतं. यापुढे मी फक्त अॅनाबॉलिकबद्दल लिहितोय.

ही औषधं काम करतात. "काही उपयोग होत नाही" असं सांगणाऱ्याचं तू पुढे ऐकणार नाहीस, आणि ते योग्यच आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी पुरुषांना दहा आठवडे, दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनँथेट (टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन) दिलं होतं. सोबत व्यायाम करणाऱ्यांचं चरबी सोडून उरलेलं वजन सुमारे ६ किलोनं वाढलं. औषध न घेता व्यायाम करणाऱ्यांचं सुमारे २ किलोनं. आणि औषध घेऊन व्यायाम न करणाऱ्यांचंही ३ किलोनं! मोह कुठून येतो हे या आकड्यांत दिसतं. पण निरोगी पुरुषाचं शरीर स्वतः आठवड्याला साधारण ५० मिलिग्रॅमच्या आतच टेस्टोस्टेरॉन बनवतं, हेही त्याच्या शेजारी लिहून ठेव.

आता तुझा प्रश्न. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं सोडते आणि त्यांच्या हुकमावर वृषणं चालतात. रक्तात बाहेरून भरपूर टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्युटरी हुकूम देणंच थांबवते. शुक्राणू तयार व्हायला वृषणाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं. ते तिथेच बनावं लागतं, सुईतून गेलेलं त्या प्रमाणात तिथवर पोचत नाही. त्यामुळे रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉनचा आकडा उंच, दंड भरलेले, आणि शुक्राणूंची संख्या शून्याच्या जवळ, असं एकाच माणसात दिसतं.

सायकल संपली की औषध उतरतं, पण बंद पडलेलं काम लगेच सुरू होत नाही. कुणाला काही आठवडे लागतात, पुष्कळांना महिने, काहींना वर्षाहून जास्त. मधल्या काळात बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही. थकवा येतो, झोप बिघडते, कामेच्छा जाते, कमावलेला स्नायू उतरू लागतो आणि मन खचतं. काहींच्या मनात जीव द्यायचे विचारही येतात. अशा वेळी पुन्हा सुई घेतली की आठवड्याभरात बरं वाटू लागतं. एकाच्या दोन सायकली होतात त्या इथे, आणि त्यामागे हाव असेलच असं नाही. तू आज जो "थांबेन" म्हणतोयस, तो निर्णय तुला त्या खचलेल्या मनानं घ्यावा लागणार आहे.

"पीसीटी केली की सगळं सावरतं" हेही तुझ्या कानावर आलं असेलच. पीसीटी म्हणजे सायकलनंतर शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन पुन्हा सुरू व्हावं म्हणून घ्यायची औषधं. त्यात वापरतात ती टॅमॉक्सिफेन, क्लोमिफेन ही खरी औषधं आहेत आणि हार्मोनतज्ज्ञ ती काही रुग्णांना देतातही. पण त्यांनी गाडी रुळावर येईलच याची हमी नाही, त्यांचे रक्ताच्या गुठळ्यांपासून नजरेच्या तक्रारींपर्यंत स्वतःचे दुष्परिणाम आहेत, आणि खेळाडूंना तीही बंदच आहेत.

मला सगळ्यात जास्त काळजी हृदयाची वाटते, कारण तिथे काही दुखत नाही. चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल कोसळतं, वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल चढतं, रक्तदाब वाढतो, तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होतं, हृदयाची भिंत जाड होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, वजन उचलणाऱ्या १४० पुरुषांच्या अभ्यासात, वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेणाऱ्यांच्या हृदयाचं इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय आतल्यापैकी किती रक्त बाहेर ढकलतं ते प्रमाण) सरासरी ५२ टक्के निघालं, न घेणाऱ्यांचं ६३. ते वर्षानुवर्षं घेणारे होते, एका सायकलवाले नव्हते, हे खरं. पण सुरुवात त्यांचीही एकीपासूनच झाली असणार.

बाकीचं थोडक्यात. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात बदलतो आणि पुरुषाच्या छातीत गाठ धरते. ती घट्ट झाली की बहुधा शस्त्रक्रियाच उरते. स्टॅनोझोलॉल, मेथँडिएनोन यांसारख्या तोंडी गोळ्या यकृताला विशेष त्रास देतात. स्नायूची ताकद झपाट्यानं वाढते, स्नायू हाडाला जोडणारे स्नायुबंध त्या वेगानं बळकट होत नाहीत आणि तुटतात. वाढीच्या वयात घेतलं तर हाडांची टोकं लवकर जुळून उंची थांबते. स्त्रियांचा आवाज एकदा घोगरा झाला की औषध सोडूनही परतत नाही. पूर्व जर्मनीत सरकारी योजनेखाली किशोरवयीन खेळाडू मुलींना ओरल टुरिनाबॉल ही अॅनाबॉलिक स्टिरॉइडची गोळी दिली गेली, अनेकींना ती जीवनसत्त्व म्हणून सांगून. पदकं मिळाली, शरीरं मात्र आयुष्यभरासाठी बदलली. त्या मुलींना तर कुणी विचारलंच नव्हतं. तुझ्या हातात निवड आहे.

तू स्पर्धेत उतरणार असशील तर नियम कडक आहे. शरीरात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूचीच, "मला माहीत नव्हतं" म्हटल्यानं सुटका होत नाही. जाणूनबुजून घेतल्याचं ठरलं तर साधारण चार वर्षांची बंदी. नमुने दहा वर्षांपर्यंत जपून पुन्हा तपासता येतात. कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सन याचं १९८८ च्या सोल ऑलिंपिकमधलं १०० मीटरचं, ९.७९ सेकंदांचं सोनं तीन दिवसही टिकलं नाही, ते स्टॅनोझोलॉलमुळेच. साध्या सप्लिमेंटचाही भरवसा धरू नकोस. कोलोन इथल्या प्रयोगशाळेनं तपासलेल्या ६३४ नमुन्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांत लेबलवर न लिहिलेली संप्रेरकं सापडली होती. चोरट्या बाजारातल्या कुपीत तर औषध कोणतं, किती आणि निर्जंतुक आहे का, यातलं काहीच बघून कळत नाही.

आधीच काही घेतलं असशील तर लपवू नकोस. डॉक्टरांना औषधाचं नाव, मात्रा आणि किती आठवडे, हे तिन्ही सांग. रक्तदाब, हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), सकाळी उपाशीपोटी टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, ईसीजी आणि टूडी इको करून घे. एक बारकावा: यकृताच्या तपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी जोरदार व्यायामानंही वाढतात, म्हणून रक्त देण्याआधी पाच-सात दिवस वजनं बाजूला ठेव आणि यकृताचीच जीजीटी ही चाचणी सोबत करून घे. मूत्रपिंडासाठी तपासतात ते क्रिएटिनिनही स्नायू जास्त असला की चढं दिसतं. शंका आली तर मूत्रपिंडाचीच सिस्टॅटिन सी ही चाचणी मागता येते. सुई कुणाशी वाटून घेतली असशील तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी टाळू नकोस. आणि मनात मरणाचे विचार आले तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी कुणाला तरी गाठ.

घेतलं नसशील, तर बारा आठवडे मला दे. वजनाच्या दर किलोमागे रोज १.६ ग्रॅम प्रथिनं, प्रत्येक स्नायूगटाला आठवड्यातून दोनदा काम, सात ते नऊ तास झोप, हवं तर रोज ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन. प्रत्येक सेट वहीत लिही: वजन किती, रेप्स (किती वेळा उचललं) किती. "नॅचरल वाढ थांबली" म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांकडे अशी वही असते. चौथ्या आठवड्याच्या शेवटी तिची पानं पाठव, मग पुढचं ठरवू.

तुझा,
एक हितचिंतक