डेन्मार्क : पवनचक्क्यांच्या आधी गरम पाण्याचे पाइप

"डेन्मार्कला वारा फुकट मिळाला म्हणून त्यांचं जमलं, धोरणाचं त्यात काय कर्तृत्व?" असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते तुम्ही सुरुवात चुकीच्या टोकाने करताय. आधी तळघरातला, घर तापवणारा बॉयलर बघा.

1973 मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा या देशाची सुमारे 90 टक्के ऊर्जा तेलातून येत होती, आणि ते जवळपास सगळं आयात. त्या हिवाळ्यात रविवारी खासगी गाड्यांवर बंदी घातली, पण घरं तापवायला लागणारं तेल त्याने थोडंच वाचणार! 1976 ला पहिला ऊर्जा आराखडा आला. खरा बदल घडवला तो 1979 च्या उष्णता पुरवठा कायद्याने. नगरपालिकांना नकाशे काढायला लावले: या भागात एका केंद्रातून घराघरांत जाणारे गरम पाण्याचे सामाईक पाइप, त्या भागात उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू, बाकी ठिकाणी ज्याची त्याची सोय. 1982 मध्ये जोडणीची सक्ती करायचा अधिकारही त्यांना मिळाला.

सक्ती कशाला? पाइप पुरायचा खर्च मुख्यतः रस्त्याच्या लांबीवर ठरतो. गल्लीतली निम्मी घरं बाहेर राहिली की उरलेल्यांच्या माथी त्या खर्चाचा वाटा दुप्पट. मात्र दरात फक्त आवश्यक खर्च धरायचा, नफा नाही, हेही नियमातच होतं. ते नसतं तर ही सक्ती लोकांनी चालवून घेतली नसती.

उष्णता आली कुठून? नुसती वीज करणारं कोळशाचं केंद्र इंधनातली सुमारे 40 टक्के ऊर्जा वापरतं, उरलेली समुद्रात किंवा धुराड्यातून जाते. तीच पाइपात घातली की वापर 85-90 टक्क्यांपर्यंत जातो. यातली मेख परतीच्या पाण्यात आहे. घराकडे 75 अंशांनी गेलेलं पाणी 35 ला परतलं तर घनमीटरमागे सुमारे 46 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता मिळते. रेडिएटरचा, म्हणजे खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पाळ्याचा, व्हॉल्व्ह बिघडून ते 55 ला परतलं तर जेमतेम 23. म्हणजे तेवढ्याच उबेसाठी दुप्पट पाणी फिरवा, पंपाची वीज जाळा, शिवाय परतीच्या पाइपातूनही जास्त उष्णता गमवा. म्हणून बऱ्याच ठिकाणी पाणी नीट थंड करून न पाठवणाऱ्याला जादा आकार लागतो.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. 1990 च्या दशकात छोट्या गावांत वायूवर चालणारी वीज-उष्णता केंद्रं उभारली. इंधन नेमून दिलेलं, ग्राहक मूठभर, कर्ज मोठं. वायू महागला तशी तिथली बिलं असह्य झाली.

वाऱ्याचं धोरण याच्या जोडीनेच चाललं. 1979 पासून पवनचक्कीच्या किमतीवर 30 टक्के अनुदान होतं, पण रिसो इथल्या पवनचक्की चाचणी केंद्राची मान्यता असेल तरच; त्यामुळे तकलादू यंत्रं बाजारात टिकली नाहीत. 1985 मध्ये संसदेने अणुऊर्जेचा पर्याय ऊर्जा आराखड्यातून काढून टाकला. आता वारा जोरात असला की स्वस्त विजेवर बॉयलर आणि हीट पंप (बाहेरची उष्णता खेचून पाणी तापवणारी यंत्रं) चालवून ती उष्णता याच पाण्याच्या मोठ्या टाक्यांत साठवतात. पाइप आधीच पुरलेले नसते तर ही सोय कुठून आली असती?

एक गोष्ट मला खटकते. कोळशाच्या जागी बरीच केंद्रं लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्यांवर गेली. त्यातला पुष्कळसा माल आयात, आणि जाळताना निघणारा कार्बन केंद्राच्या हिशेबात शून्य धरला जातो.