प्रकरण किती लांब असावं?

पहिल्याच कादंबरीतलं एक प्रकरण नऊशे शब्दांचं आणि दुसरं सहा हजारांचं झालंय, तर सगळी तीन हजारांच्या आसपास आणून ठेवू का, असा तुमचा प्रश्न आहे. नका आणू. एकात पाणी घालावं लागेल, दुसऱ्यातलं चांगलं काही उगाच छाटलं जाईल.

छापील पानावर साधारण २५० ते ३०० शब्द बसतात, म्हणजे तीन हजारांचं प्रकरण दहा-बारा पानांचं. एका बैठकीत सहज वाचून होतं. एवढाच त्या आकड्याला अर्थ. मेलव्हिलच्या 'मोबी डिक' या कादंबरीत (१८५१) १३५ प्रकरणं आहेत आणि त्यातली काही पानभरही नाहीत. अमेरिकन लेखक फॉकनरच्या 'अ‍ॅज आय ले डाइंग' या कादंबरीतलं (१९३०) एक प्रकरण तर मूळ इंग्रजीत पाच शब्दांचं, एकाच वाक्याचं आहे. आई गेलेल्या लहान मुलाच्या तोंडचं ते वाक्य आहे, पुढे काही जोडलं असतं तर त्याची धारच गेली असती.

खरी अडचण तुमच्या सहा हजारवाल्यात असणार. दिवस संपला, पात्र झोपलं, की प्रकरण संपवायची आपल्याला खोड असते. पात्राबरोबर वाचकही पुस्तक मिटून झोपतो! त्यापेक्षा वाचकाच्या मनातला प्रश्न कुठे बदलतो ते बघा. समजा, नायिकेला वडिलांच्या कपाटात मृत्युपत्र सापडतं. ती ते वाचते, तेवढ्यात भाऊ येतो, ती कागद वहीत सरकवते. मग दोघांचं बोलणं, भांडण, तिची जागून काढलेली रात्र. कागद वहीत जाईपर्यंत प्रश्न असतो, त्यात काय लिहिलंय? तिथून पुढे प्रश्न होतो, ही भावाला सांगणार का? मी तिथेच तोडेन आणि पुढचं प्रकरण थेट भावाच्या वाक्याने सुरू करेन. अर्थात प्रत्येक प्रकरण असं टांगून ठेवलंत तर वाचक वैतागेल. नुसता प्रसंग बदलत असेल तर एक ओळ मोकळी सोडली की भागतं.

प्रत्येक प्रकरणात काय घडतं ते एका वाक्यात लिहून बघा. वाक्यात दोनदा 'आणि मग' आलं, तर तिथे बहुधा दोन प्रकरणं दडलेली आहेत. माहितीपर पुस्तकात हे सोपं असतं, एक मुद्दा पुरता मांडून झाला की प्रकरण संपलं.

नऊशेवालं आहे तसं राहू द्या, दोन लांब प्रकरणांच्या मध्ये ते बरंच वाटेल. मात्र तशी तीन-चार प्रकरणं लागोपाठ आली असतील, तर लिहायला अवघड प्रसंग टाळून पुढे गेलात का, ते तपासा.

ही फोडाफोड दुसऱ्या खर्ड्यात करा. प्रकरणांना नावं द्यायची असतील तर तीही त्यानंतरच, नाहीतर आवडलेल्या नावापायी नको असलेलं प्रकरण जपत बसाल.