बेळगावहून नववीतल्या लेकीला घेऊन आठवडाभर समुद्रावर, बसने आणि रेल्वेने: कसं आखावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावात राहता, घरची गाडी नाही, दसऱ्याच्या सुट्टीत आई आणि लेक दोघींनीच आठवडाभर समुद्रावर जायचंय, लेक 'गोवा' म्हणते, तुम्हाला ती गर्दी नको, आणि मालवण बरं की कारवार ते ठरत नाही.

मी कारवार-गोकर्ण-होन्नावर म्हणेन. सुट्टीत माझ्या मुलांना घेऊन मीही बसनेच फिरते, त्यामुळे हे बोलणं बसवालीचं आहे, गाडीवालीचं नाही.

मालवण वाईट म्हणून नव्हे. सिंधुदुर्ग किल्ला तर लेकीला दाखवाच, पण ते वेगळं दोन-तीन दिवसांचं, आंबोलीवरून सावंतवाडीला उतरून. आठवड्याला ते जड जातं, कारण तिकडचे किनारे हमरस्ता सोडून आत आहेत. संध्याकाळची वस्तीची गाडी एकदा गेली, की मग रिक्षावाला सांगेल तो भाव. आणखी एक आपल्याकडचीच गोष्ट: भाषेवरून वाद पेटला की सगळ्यात आधी आंतरराज्य गाड्या थांबतात. २०२५ च्या फेब्रुवारीत हेच झालं. पोरीला घेऊन सीमेपलीकडे अडकण्याची शक्यता मला तरी नको वाटते.

उत्तर कन्नड, म्हणजे आपल्या बोलीतल्या कारवार जिल्ह्यात हमरस्ता ६६ आणि कोकण रेल्वे दोन्ही समुद्राच्या अंगाने जातात. कारवार, अंकोला, कुमटा, होन्नावर, मुरुडेश्वर, भटकळ ही सगळी गावं एका माळेत. एक बस चुकली तर स्टँडवर चहा घ्या, तोवर पुढची येते.

आता पैशाचं. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात 'शक्ती' योजना आहे. कर्नाटकातला पत्ता असलेलं आधार दाखवलं की साध्या आणि एक्स्प्रेस गाडीत तुम्हा दोघींना शून्य रुपयांचं तिकीट. शून्याचं असलं तरी तिकीट घ्यायचंच, आणि उतरेपर्यंत जपायचं. राजहंस, स्लीपर, एसी गाड्यांत ही सवलत नाही. गोव्याला किंवा महाराष्ट्रात जाणाऱ्या लांबच्या गाडीतही नाही. (मुलगा असता तर बारा वर्षांनंतर पूर्ण तिकीट. माझ्या घरी यावरून भांडणं होतात.) फुकटामुळे गर्दी मात्र वाढलीय, विशेषतः शनिवार-रविवारी देवस्थानाच्या गाड्यांना. म्हणून मुक्काम हलवायचा तो शनिवार-रविवार टाळून बसवा.

सहा रात्री धरा आणि मुक्काम तीनच करा: कारवार एक, गोकर्ण तीन, होन्नावर दोन. रोज बॅग भरायला लावली की या वयाची मुलं तिसऱ्या दिवशी तोंड पाडून बसतात.

कारवारची थेट गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर हुबळी-यल्लापूरवरून अंकोला आणि तिथून कारवार. घाट उतरताना पुढच्या सीटवर बसा, आवळासुपारी जवळ ठेवा. कारवारला किनाऱ्यावरच 'चपळ' ही नौदलाची जुनी युद्धनौका संग्रहालय म्हणून उभी आहे. आतून बघता येते, आणि मंदिरांचा कंटाळा असलेली मुलं इथे खुलतात. किनाऱ्याला टागोरांचं नाव आहे, कारण त्यांचे भाऊ सत्येंद्रनाथ इथे जिल्हा न्यायाधीश होते आणि तरुण रवींद्रनाथ त्यांच्याकडे राहिले होते. जेवायला तिसऱ्या (शिंपल्या) आणि बांगडा. कोंकणी सगळीकडे चालते, मराठीही बऱ्याच जणांना कळते.

गोकर्णात कुडले किनाऱ्यावरून ओम किनाऱ्यावर डोंगरवाटेने चालत जा, तिथून पुढे हाफ मून. सकाळी लवकर निघा, पायात चप्पल नको, बूट हवेत. महाबळेश्वराच्या देवळात जाणार असाल तर लेकीचा एक सलवार-कुर्ता बॅगेत असू दे. एक पूर्ण दिवस मात्र मी सांगते तसा घालवा. गोकर्णाहून बसने तदडीला जा, तिथल्या बार्जमधून खाडी ओलांडून अघनाशिनी गावात उतरा आणि पुढे कुमट्याला. परत येताना हमरस्त्यावर मिरजान किल्ल्याला उतरा, रस्त्यापासून चालण्याच्या अंतरावर आहे. गेरसोप्प्याच्या राणी चेन्नभैरादेवीशी या किल्ल्याचं नाव जोडलेलं आहे. काळ्या मिरीच्या व्यापारामुळे पोर्तुगीज तिला मिरीची राणी म्हणत. इतिहासाच्या पुस्तकातल्या तहांपेक्षा मुलींना ही बाई जास्त आवडते.

होन्नावरहून दोन गोष्टी. कासरकोडचा किनारा जवळच आहे. त्याला २०२० साली ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं, त्यामुळे स्वच्छतागृहं, कपडे बदलायच्या खोल्या व्यवस्थित आहेत. दोघी बायकांना याचं मोल वेगळं सांगायला नको. दुसरं मुरुडेश्वर, बसने जाऊन-येऊन. १२३ फुटी शंकर आणि लिफ्टने वर जाता येईल असं वीसमजली गोपुर. रावणाच्या आत्मलिंगाची जी गोष्ट गोकर्णात ऐकली असेल, तिचाच पुढचा भाग इथला. दसऱ्याला पाणी भरपूर असेल तर मुरुडेश्वर सोडून गेरसोप्पा घाटातून जोगचा धबधबा करा. दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

पाण्याबद्दल मी कडक आहे. पावसाळा संपत आला तरी समुद्राची ओढ संपलेली नसते. २०२४ च्या डिसेंबरात मुरुडेश्वरला शाळेच्या सहलीतल्या चार मुली बुडाल्या, आणि तेव्हा तर पाऊस नव्हताच. जिथे जीवरक्षक आहे तिथेच, गुडघाभर पाण्यात, लाल झेंडा असेल तर तेवढंही नाही. हे घरून निघतानाच ठरवून टाका, किनाऱ्यावर वाद घालू नका.

आणि आता लेकीचं. गाड्यांचे बोर्ड कन्नडमध्ये असतात. आपल्या पिढीतल्या मराठी शाळेतल्या कित्येक जणी ते अक्षर जुळवत वाचतात आणि तोवर बस निघून जाते. तुमची लेक शाळेत कन्नड शिकतेय, ती एका नजरेत वाचेल. तेव्हा बोर्ड वाचणं, कंडक्टरला विचारणं, परतीची शेवटची गाडी किती वाजता ते चौकशी खिडकीवर जाऊन लिहून आणणं, हे काम तिचं. दिवसाच्या खर्चाचे पैसेही तिच्याकडे द्या. तिने एखाद्या दिवशी सगळे आइस्क्रीमवर उडवले तर रात्री इडलीवर भागवा, बोलू नका. गोव्याचा हट्ट दुसऱ्या दिवशी विसरेल असं मला वाटतं. आणि नाही विसरली, तरी परतीला मडगाव आहेच.

कारण परत रेल्वेने यायचं. मंगळूरहून पहाटे सुटणारी मडगाव पॅसेंजर सकाळी होन्नावरला येते आणि दुपारी मडगावला पोचवते. शरावतीवरचा दोन किलोमीटरहून लांब पूल, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब, ती होन्नावरला येण्याआधीच ओलांडते, त्यामुळे तो तुम्हाला लागणार नाही. मडगावला दुपारी वास्कोहून येणारी गोवा एक्स्प्रेस पकडा. ती कुळे ते कॅसलरॉक घाट उजेडात चढते, दूधसागर धबधबा खिडकीतून दिसतो, आणि रात्री जेवायला तुम्ही बेळगावात. जाताना ही गाडी वापरू नका, बेळगावहून खाली ती रात्री जाते, काळोखात काहीच दिसत नाही. दसऱ्याच्या सुमारास कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू असतं, तेव्हा पॅसेंजरची वेळ आदल्या दिवशी पुन्हा बघा. गोवा एक्स्प्रेसचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. ते त्याच दिवशी करून टाका, मग खोल्या बघा.