निवडणुकीवरील पैज : कोठे चालते, कोठे नाही

प्रश्न : लंडनला असलेला माझा भाचा तेथील दुकानात निवडणुकीवर पैज लावून रीतसर पावती घेतो. आमच्या सराफ्यात मात्र निकालाच्या आदल्या रात्री ‘अमक्याचा चाळीस पैसे, तमक्याचा दोन रुपये’ असे भाव दबक्या आवाजात सांगितले जातात. राजकारणाची जाण हे कौशल्यच आहे, मग येथे सूट का नाही? भाच्याकरवी पैसे लावता येतील का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : युक्तिवाद चतुर आहे, पण टिकणारा नाही. मध्य प्रदेशात राज्याच्या दुरुस्त्यांसह लागू असलेल्या १८६७च्या जुगारविषयक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, हे खरे. परंतु निवडणुकीत खेळतात ते उमेदवार आणि मतदार, पैज लावणारा केवळ निकालाची वाट पाहतो. शिवाय टोळीने चालवलेली विनापरवाना सट्टेबाजी भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ खाली येते आणि तिला एक ते सात वर्षांची कैद आहे.

त्याहून बोचणारी बाब १८७२च्या करार कायद्यात आहे. कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक ठरतो. म्हणजे चाळीस पैशांच्या भावाने हजार रुपये लावून आपण जिंकलात आणि खायवाल्याने, म्हणजे पैज घेणाऱ्याने, चारशे द्यायला नकार दिला, तर दाद मागायला न्यायालय नाही. गंमत अशी की, इंग्लंडनेही १८४५ पासून हेच तत्त्व पाळले होते. त्यांनी ते २००५च्या कायद्याने सोडले, आपण मात्र जपून ठेवले. भाच्याची पावती आज तेथे वसूल होऊ शकते. अर्थात तेथेही मोकळे रान नाही : २०२४च्या निवडणुकीची तारीख जाहीर होण्यापूर्वीच तिच्यावर पैजा लावल्याच्या आरोपावरून तत्कालीन सत्ताधारी पक्षाशी संबंधित काही जणांवर खटले भरले गेले.

अमेरिकेचा मार्ग इंदूरच्या व्यापाऱ्यांना चटकन उमजेल. जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या नेवाडा राज्यातही निवडणुकीवर पैज घेता येत नाही. पण एका कंपनीने तीच गोष्ट वायदा, म्हणजे पुढे पुरा व्हायचा बाजारातील करार, म्हणून मांडली. वायदे बाजाराच्या केंद्रीय नियामकाने २०२३ मध्ये तिला मनाई केली, २०२४ मध्ये न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला आणि अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर व्यवहार सुरू झाले. पैजेचे नाव बदलले की कायद्याचे खातेही बदलते, हे मला फारसे पटत नाही.

भाच्याकरवी पैसे लावण्याचा विचार सोडून द्यावा. परकीय चलनाच्या २०००च्या नियमांनुसार लॉटरीची तिकिटे, फुटबॉल पूल (सामन्यांच्या निकालांवरील पैजा) आणि तत्सम गोष्टींसाठी भारतातून रक्कम पाठवण्यास मनाई आहे, आणि बँकेच्या अर्जावर ‘नातेवाइकाचा खर्च’ असे कारण लिहून ती पाठवणे म्हणजे खोटे निवेदन करणे होय.