एलरॉन्डची वंशावळ वाचताना

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टोल्किनच्या एलरॉन्ड या अर्ध-एल्फ सरदाराचे चरित्र वाचायला घेण्यापूर्वी आपण त्याची वंशावळ स्वतःच्या हाताने काढावी, असे मी आग्रहाने सांगेन. कोकणातल्या जुन्या कुलवृत्तांतांत मुलगी सासरी गेली की तिची शाखा बहुधा तिथेच थांबते. ती पद्धत इथे उपयोगाची नाही. एल्फ म्हणजे टोल्किनच्या कथाविश्वातले अमर लोक; त्यांच्यातल्या ल्यूथिएनने मर्त्य माणूस बेरेनला वरले, त्यांचा मुलगा डिओर, त्याची मुलगी एल्विंग. दुसरीकडे एल्फ इड्रिल आणि मर्त्य टुओर यांचा मुलगा एअरेंडिल. आणि या दोघांचे जुळे मुलगे म्हणजे एलरॉन्ड व एलरॉस. गुहागरच्या घरी पडवीत बसून कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मी हा तक्ता काढला, स्त्रियांची नावे तांबड्या पेन्सिलीने लिहिली, तेव्हा अमर आणि मर्त्य यांची गाठ पडते तिथे दोन्हीकडे अमर बाजूला तांबडेच नाव दिसले.

त्याच्या बालपणापाशी मात्र थांबा. हे कुटुंब राहत होते ते सिरियन नदीच्या मुखावरचे बंदर हल्ल्यात उद्ध्वस्त झाले आणि ज्या मॅग्लोर नावाच्या एल्फने त्या हल्ल्यात भाग घेतला होता, त्यानेच या मुलांना मायेने वाढवले. एलरॉन्डच्या घराचे दार पुढे प्रत्येक थकलेल्या वाटसरूला उघडे का असते, हे मला इथे उमगले.

टोल्किनच्या कालगणनेतील दुसऱ्या युगात, १६९७ साली, त्याने रिव्हेंडेल हे आपले आश्रयस्थान वसवले. युद्धांचे तपशील पहिल्या वाचनात सोडले तरी चालतील. अमर की मर्त्य व्हायचे हे या जुळ्या भावांना निवडता येत होते आणि एलरॉसने मर्त्यपण निवडले, हे मात्र तक्त्यात ठळक लिहा, कारण अनेक पिढ्यांनंतर त्याच्याच वंशातल्या अ‍ॅरागॉर्नसाठी एलरॉन्डची लेक अर्वेन तीच निवड करते, आणि तिसऱ्या युगातील ३०२१ साली बाप तिच्याविना समुद्रापार जातो.