लॅमिनेट फ्लोअरिंग आणि भिंतीमधली फट सिलिकॉनने भरून टाकावी का?

नाही, ती फट मोकळीच ठेवा आणि वरून स्कर्टिंग किंवा पाव गोलाईची पट्टी लावून झाका. लॅमिनेटच्या आतला एचडीएफ बोर्ड (लाकडाचे तंतू घट्ट दाबून केलेला) पावसाळ्यात ओल धरून फुगतो. बहुतेक कंपन्यांच्या सूचनापत्रकात कडेला ८ ते १० मिमी जागा सोडायला सांगितलेली असते ती यासाठीच. ती बुजवली की फळ्या खोलीच्या मधोमध उचलल्या जातात आणि चालताना कटकट वाजतात. पट्टी भिंतीला चिकटवा किंवा ठोका, फ्लोअरिंगला कधीच नाही. सुतारही घाईत नेमकं हेच चुकवतात. खरी परीक्षा दाराच्या चौकटीपाशी. तिथे फळीला खाचा पाडत बसू नका. फ्लोअरिंगचा उरलेला तुकडा (खाली फोम असेल तर तोही) चौकटीला टेकवून ठेवा, त्यावर करवत आडवी धरून लाकडी चौकटच तेवढी खालून कापा आणि फळी आत सरकवा. चौकट ग्रॅनाइटची असेल तर मात्र फट सोडून फळीच्याच रंगाचं लवचिक सीलंट भरा. बाथरूमच्या उंबऱ्याशीही सिलिकॉन चालतं, पण खाली फोमची दोरी दाबून मगच.