मासे वर येऊन तोंड मारतायत? आधी पाणी तपासा

औषधाची बाटली तूर्तास बाजूला ठेवा. टाकी नवी, मासे सगळे एकदम सोडलेले, आणि आता ते पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतायत, पंख अंगाशी मिटलेले. हा आजार नसून बहुतेक अमोनिया आहे, म्हणजे माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात साठणारं विष. पाणी नितळ दिसतंय म्हणून फसू नका, अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. टेस्ट किट आणा, शक्यतो थेंबांचं. अमोनिया आणि नायट्राइट (जिवाणू अमोनियाचं आधी हेच करतात, तेही विषारीच) दोन्ही शून्यच हवेत. नायट्राइटचं पुढे होणारं नायट्रेट थोडं असलं तर एवढं बिघडत नाही.

आकडा वर असेल तर आजच 30 टक्के पाणी बदला, उद्या पुन्हा. नवं पाणी टाकीच्याच तापमानाचं हवं. नळाचं असेल तर क्लोरीन घालवणारं द्रावण मिसळून मगच ओता. दोन दिवस खाणं बंद. मोठे, धडधाकट मासे तेवढ्या उपासाने मरत नाहीत. एअर पंप चालू राहू द्या. पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) वाढवायच्या पावडरी तर नकोच, कारण पीएच चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुऊ नका, ही खोड नवख्यांना हमखास असते. अमोनिया पचवणारे जिवाणू त्यातच राहतात आणि क्लोरीनने मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो दोनदा पिळा. तपकिरी राहिला तरी चालेल. हे जिवाणू जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर एकही नवा मासा आणू नका, कितीही मोह झाला तरी.